गुडघ्यातला दोरा

धामणकर नाक्याजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात शुभदा राणीला मांडीवर घेऊन बसली होती. टेम्पोच्या धक्क्याने कुत्रीचं गुडघ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टर ऑपरेशन करून आत स्टीलची पट्टी बसवू म्हणत होते, पण शुभदाला धीर होत नव्हता. शेजारी कोन गावचे काळूराम आणि जानकीबाई हे नवरा-बायको आपल्या कुत्र्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे टाके काढायला आले होते. कुत्रा गोणपाटावर झोपला होता.

"अवो, पाय बघा त्याचा. हालतोय."

"शिवलेलाच हालतोय. सपनात धावतोय गो."

"आतला दोरा तुटंल ना!"

"न्हाय तुटत. नायलॉनचा हाय, आपल्या गळाच्या दोरीसारखा."

"कुठं निघाला आसंल?"

"खाडीवर. हरीची होडी दिसली की असाच सुटायचा."

"आपलं पोर जाऊन वरीस झालं."

"सपनात कुठलं वरीस?"

"मंग तिथं हरी आसंल?"

"आसंल. जाळी सुकवत आसंल."

"काळूराम, कोन! कुत्र्याला आत आणा," कंपाउंडरने हाक दिली.

"वाईच थांबा ओ दादा," जानकीबाई हळूच म्हणाली. "पोचू द्या त्याला."

शुभदा राणीला उचलून उभी राहिली.

"आधी हिला घ्या. डॉक्टरांना सांगा, पट्टी बसवायची आहे."