दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या वाचा-उपचार विभागाच्या प्रमुख मॅडम, आणि सभागृहातील सुहृदहो,

आवाज यंत्राचा आहे, शब्द माझे आहेत. मी पदार्थविज्ञानाचा मास्तर. आजाराने हातपाय नेले, वाचा नेली. डोळे तेवढे मागे ठेवले. हे भाषण मी नजरेने लिहिलं आहे. कसं, ते सांगितल्याशिवाय मास्तराला चैन पडायचं नाही. पडद्याखालचा दिवा डोळ्यावर अदृश्य प्रकाश टाकतो. बुबुळावरची त्याची चमक कॅमेरा टिपतो आणि नजर कुठे आहे याचं गणित मांडतो. नजर एखाद्या चौकटीवर क्षणभर ठरली, की ती चौकट दाबली गेली असं धरायचं. केवढी सुरेख कल्पना! पण खोच तिथेच आहे. बोट आपण हलवल्याशिवाय हलत नाही. डोळा मात्र आपली परवानगी घेऊन बघतो का?

माझा श्वास खालावला, तेव्हा गळ्याला छेद देऊन नळी बसवायची की नाही, हे ठरवायचं होतं. नळी नसती, तर माझे फार दिवस उरले नसते. डॉक्टरांनी निर्णय माझ्यावर सोपवला, आणि ते योग्यच होतं. पडद्यावर डावीकडे ‘हो’, उजवीकडे ‘नाही’. प्रश्न विचारला गेला. यंत्र म्हणालं, “नाही.”

डॉक्टरांनी नोंदीचा कागद पुढे ओढला.

“त्यांची इच्छा आपण पाळायला हवी,” डॉक्टर हळूच म्हणाले. मी आतल्या आत ओरडत होतो, की अहो, मी अजून काही बोललेलोच नाही. ऐकणार कोण?

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “आमच्याकडे प्रश्न दोनदा विचारतात, चौकटींची अदलाबदल करून.”

“उत्तर आलंय, मॅडम. त्यांना किती दमवायचं?”

“एकदाच आलंय.”

त्यांनी चौकटी बदलल्या. यंत्र म्हणालं, “हो.”

म्हणजे उत्तर शब्दाला नव्हे, जागेला चिकटलेलं होतं. मॅडमनी पडद्याच्या उजव्या कडेकडे पाहिलं. तिथे, अगदी लगत, ओठ आवळून आमची ही उभी होती.

“वहिनी, तुम्ही त्यांच्या उशाशी या. ते तुमच्याकडेच बघताहेत.”

“अहो, जिवाचा प्रश्न चाललाय आणि माझ्याकडे काय बघता?” ती मला म्हणाली. “लग्नात तरी इतकं बघितलं होतंत का?”

मॅडमनी आणखी एक चौकट घातली: ‘आधी बोलायचं आहे.’ मी तीच निवडली आणि अक्षराला अक्षर जोडून हिला विचारलं, “तुला झेपेल?”

“माझं मी बघते. तुम्हाला राहायचंय का, तेवढं सांगा.”

मी ‘हो’वर नजर ठेवली. मॅडमनी चौकटी बदलल्या. ‘हो’ पलीकडे गेला, मीही त्याच्या मागोमाग गेलो.

आज मी संगणकातल्या आभासी प्रयोगशाळेत नजरेनेच भिंग उचलतो आणि मुलांना प्रकाशाचे किरण वाकवून दाखवतो. मॅडम, त्या दुपारी एका उत्तरावर तुमचं काम भागलं असतं, तर हे भाषण झालं नसतं. विभागात येणाऱ्या नव्या मंडळींना माझी एकच विनंती आहे: घाई कितीही असो, चौकटी बदलून पहा.

मला बोलू दिलंत, आपला ऋणी आहे. नजर घसरून एखादा शब्द वेडावाकडा निघाला असेल, तर तो माझ्या मनातला समजून राग धरू नका. मला पुन्हा एकदा विचारा.