प्लायवुडचा बोगदा

टेलरबाई : नाही हो, थट्टा कशाला करू? आभार मानायलाच आले आहे. तुमचा सिनेमा आम्ही तीनदा बघितला.

दिग्दर्शक : माझ्या सख्ख्या आईनं एकदा बघितला, तोही मध्यंतरापर्यंत. पुढे तिला झोप लागली. खरं सांगा ताई, कॅमेरामननं पाठवलंय ना तुम्हाला? त्याला असले उद्योग सुचतात.

टेलरबाई : मला कोणी पाठवलं नाही. मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. तुमच्या भुताचा झगा काखेत उसवला होता, तो मीच शिवून दिला. मला वाटलं नर्सबाईचा आहे. पुढे सिनेमा लागला तेव्हा तुमच्या कपडेपट सांभाळणाऱ्या मुलीनं पास आणून हातात ठेवले.

दिग्दर्शक : पासांचा गठ्ठाच होता आमच्याकडे. कोणी घेईना.

टेलरबाई : मी घेतले. पोस्टरवर तो हिरो तोंड उघडून हसत होता, म्हटलं विनोदी असेल.

दिग्दर्शक : तो किंचाळत होता.

टेलरबाई : ते आत बसल्यावर कळलं.

दिग्दर्शक : बरं. आभार पोचले. आता जरा बाजूला उभ्या राहा, सुतार फळ्या काढतोय. संध्याकाळपर्यंत हे गोदाम रिकामं करून द्यायचंय. हे दिसतंय ना समोर, काळं रंगवलेलं? जमिनीखालचा शापित बोगदा. मागून बघाल तर खोक्यांची रास वाटेल.

टेलरबाई : त्याच्यासाठीच आले. तो तोडू नका.

दिग्दर्शक : काय?

टेलरबाई : म्हणजे तोडा, तुमचाच आहे. पण अर्धा तास थांबा. आमचे हे बाहेर उभे आहेत. त्यांना एकदा या बोगद्यातून चालायचं आहे.

दिग्दर्शक : ताई, मी चार वर्षं घालवली या सिनेमात. एकानं लिहिलं, यात भीती वाटते ती फक्त तिकीट काढल्याची. दुसऱ्यानं लिहिलं, भुतापेक्षा भिंत जास्त थरथरते. उद्यापासून मेव्हण्याच्या फरशीच्या दुकानात बसणार आहे मी. आज तरी मला शांतपणे मोडतोड करू द्या. लोकांना फिरवून दाखवण्याइतका कोडगा अजून झालो नाही.

टेलरबाई : हसायला नाही यायचं त्यांना. ते खऱ्या बोगद्यात होते.

दिग्दर्शक : खऱ्या म्हणजे?

टेलरबाई : बोगदे खणायच्या कामावर. पाण्याचे, गाड्यांचे. उभं आयुष्य जमिनीखाली गेलं, कधी सर्दीशिवाय काही झालं नाही. मग एक दिवस छत बसलं. हे आणि यांचा जोडीदार, दोघंच आत. मध्ये ढिगारा. हे अलीकडे, तो पलीकडे.

दिग्दर्शक : सुतारदादा, जरा थांबा. हातोडी ठेवा. चहा घेऊन या तुम्ही. बसा ताई, त्या पेटीवर बसा.

टेलरबाई : त्या लोकांची एक रीत असते. अडकलं की ओरडायचं नाही, दम वाया जातो. दगडावर ठोकायचं. दोन ठोके म्हणजे मी आहे. पलीकडच्यानं ऐकलं की त्यानंही दोन द्यायचे. मीही आहे. बस. असं दोघं एकमेकांना धरून राहिले.

दिग्दर्शक : आणि?

टेलरबाई : पलीकडून यायचे थांबले. हे ठोकतच राहिले. लोकांनी बाहेर काढलं तेव्हासुद्धा यांचा हात चालूच होता म्हणे. त्याला दुसऱ्या दिवशी काढलं.

दिग्दर्शक : अरेरे.

टेलरबाई : तेव्हापासून घरात दिवा विझला नाही. दार लोटायचं नाही. न्हाणीघराचंसुद्धा. खिडकी नसलेल्या खोलीत पाऊल नाही. लेक सातव्या मजल्यावर राहते, तिथं जिन्यानं जातात, धापा टाकत. मी काही बोलले नाही कधी. कोणाला झोप प्यारी नसते? पण माणूस जिवंत घरी आलाय, दिव्याखाली झोपायला काय जातंय, असं म्हणून डोळ्यांवर पदर घ्यायचा.

दिग्दर्शक : आणि तुम्ही त्यांना माझा सिनेमा दाखवायला आणलात.

टेलरबाई : अजाणता. थेटरात ते कडेच्याच खुर्चीवर बसतात, दाराजवळ. पडद्यावर बोगदा आला तसा यांनी माझा हात धरला. म्हटलं, चला उठू या. पाय उचलेनात. आणि मग तो प्रसंग आला, भूत भिंतीपलीकडून ठोकतं तो.

दिग्दर्शक : देवा. तोच नेमका.

टेलरबाई : यांनी डोळे मिटले. मी मनात तुम्हाला नाही नाही ते बोलले, माफ करा. आणि ठोका पडला. प्लायवुडचा. ढब्ब. भिंत हलली. त्या हिरोनं टेकायला हात लावला तर भिंत मागे गेली, त्याच्याबरोबर तोही गेला. भूत आलं ते केसांचा टोप खिळ्याला अडकवून आलं. झग्याला काखेत माझे टाके, तेही पांढऱ्यावर पिवळे. घाईत दोरा चुकला होता माझा.

दिग्दर्शक : तो शॉट परत घ्यायचा होता. भाड्याचे दिवे परत करायची वेळ झाली.

टेलरबाई : हे हसायला लागले. आधी मला कळलंच नाही काय होतंय. ते हसू मी विसरून गेले होते. सगळं थेटर हसून थांबलं तरी यांचं चालूच. हसता हसता रडले. पुढच्या ओळीतले दोघं मागे वळून बघायला लागले. त्या रात्री यांनी दार लोटून घेतलं. आपणहून.

दिग्दर्शक : आणि दिवा?

टेलरबाई : दिवा नाही. दिव्यापर्यंत हात जातो आणि मागे येतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सिनेमा बघितला तो यांच्याच सांगण्यावरून. काल तुमचा सुतार दुकानात पट्टी मागायला आला, म्हणाला उद्या बोगदा मोडणार. मी घरी सांगितलं. हे जेवता जेवता म्हणाले, मोडायच्या आधी बघायला मिळेल का. इतक्या वर्षांत यांनी स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट आहे हो. म्हणून आले. लाज सोडून आले.

दिग्दर्शक : बोलवा त्यांना. मी दिवे लावतो.

टेलरबाई : अहो, या आत. मोठं आहे गोदाम, वर झरोके आहेत. दार मी उघडंच धरते.

नवरा : नमस्कार.

दिग्दर्शक : नमस्कार, या. हे बघा, इथून आत शिरायचं. तिकडून बाहेर. मध्ये एक वळण आहे, तेवढं सांभाळा. घाबरण्यासारखं काही नाही, हे तर गावभर झालंय.

नवरा : हा दगड कशाचा?

दिग्दर्शक : थर्माकोल. त्यावर भुसा आणि काळा रंग.

नवरा : चांगला केलाय. ओल आल्यासारखं दिसतं.

दिग्दर्शक : खरं सांगताय?

नवरा : इथं, या कोपऱ्यात. पाणी झिरपतं तसंच. हे कोणी केलं?

दिग्दर्शक : मीच. एकट्यानं. दोन दिवस ब्रश घेऊन बसलो होतो. आजवर कोणाला दिसलं नाही ते.

नवरा : मला पहिल्या खेळालाच दिसलं. म्हणून तर डोळे मिटले होते.

टेलरबाई : अहो, हळू. मी येऊ का बरोबर?

नवरा : तू थांब तिथंच. वळण आलं आता.

दिग्दर्शक : उजवीकडची भिंत तीच, भुताची. टेकू नका, पडेल. तिच्यामागे वाळूची पोती रचायची होती, म्हणजे आवाज भरीव आला असता. राहूनच गेलं. लोक हसले ते त्यामुळंच.

नवरा : बरं झालं राहून गेलं.

दिग्दर्शक : तुम्ही म्हणताय म्हणून ऐकून घेतो.

नवरा : भरीव आवाज आला असता तर मी तिथून पळालो असतो, आणि परत कुठल्याच घरात शिरलो नसतो. पोकळ वाजलं म्हणून कळलं. याच्यामागे कोणी नाही. कोणी अडकलेलं नाही. कोणाला सोडून यायचं नाही.

दिग्दर्शक : दादा, म्हणजे चार वर्षांत माझं तेवढं एक बरोबर झालं.

नवरा : एक काम करा. दिवे बंद करा.

टेलरबाई : अहो, नको. बघितलंत ना? पुरे झालं आजच्यापुरतं.

नवरा : करा हो तुम्ही. घरी जमत नाही. घराच्या भिंती पक्क्या आहेत.

दिग्दर्शक : ताई, करू?

टेलरबाई : करा. पण हात बटणावरच ठेवा. मी दार लोटते.

(बोगद्यात अंधार होतो.)

दिग्दर्शक : दादा, ठीक आहात ना? दादा? ताई, ते बोलत नाहीत. लावू का दिवा?

टेलरबाई : थांबा. श्वास ऐकू येतोय त्यांचा. थांबा जरा.

दिग्दर्शक : हे ठोकलं कोणी? ढब्ब, ढब्ब. दोनदा. ते ठोकताहेत का? आता काय करायचं असतं?

टेलरबाई : सरका. मला त्या भिंतीमागे जाऊ द्या. कुठून जायचं? खोकी आहेत का इथं?

दिग्दर्शक : डाव्या हाताला. वाकून जा, आडवी पट्टी आहे. हां, तिथंच. तीच भिंत.

टेलरबाई : ही? बरं. घ्या. एक. दोन.

नवरा : आलं ऐकू.

टेलरबाई : आलं ना?

नवरा : तूच का ती?

टेलरबाई : दुसरं कोण असणार? भुताचा झगासुद्धा मीच शिवलाय.

नवरा : हसवू नकोस, भिंत पडेल त्यांची.

दिग्दर्शक : पडू दे हो. पडायलाच केली होती. दिवा लावू का आता?

नवरा : लावा सावकाश. घाई नाही.