पेटाऱ्यावरची तिपाई

तुटलेला नाही तो पाय. तिसऱ्यांदा भिंग लावून बघताय म्हणून बोललो, नाहीतर मी कोणाच्या अध्यात नसतो की मध्यात. नाही, मी पहारेकरी नव्हे — पहारेकरी तो, दारात डुलक्या घेतोय तो. मी सुतार. म्हणजे होतो. एकतीस वर्षं या संग्रहालयात सुतारकाम केलं, आता सात वर्षं झाली घरी बसून — घरी कुठला, इथंच बसतो, या बाकावर. बाकही मीच केलाय. बसा, पण डावीकडे बसा, उजवीकडचा खिळा वर आलाय, कपडे फाडतो. नव्या सुताराला चारदा सांगितलं. तो 'हो' म्हणतो. हो म्हणायचाच पगार आहे त्याला.

तर त्या कुत्र्याचा पाय. नाही, गळून पडलेला पण नाही. पडला असता तर लाकडात त्याची खाच राहिली असती ना — इथं खाचच नाही, तीन पायांच्या तीन खाचा, चौथ्याची नाहीच. तेच म्हणालात ना मघाशी? बरोबर बोललात. सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी बरोबर बोललं. लोक येतात, या पेटाऱ्यासमोर उभे राहतात, चित्ता बघतात, कार्ड वाचतात — 'शिकारीचा पेटारा, काळं लाकूड, हाडाचं जडावकाम, तेरा प्राणी' — की पुढे. कुत्र्याचे पाय कोणी मोजले नाहीत. तुम्ही मोजलेत.

मला विचाराल तर — विचारलं नाहीत, पण सांगतो — जनावर बघून केलंय की ऐकून, ते तोंडावरून कधी ठरवू नये. तोंड कोणीही काढतं. पाय बघावे. हा सिंह बघा: मिशा अशा, जणू कोणाचा तरी सासरा, आणि पंजे? पंजे कुठले, चार लाडू ठेवल्यासारखे गोळे. या बाबाने जन्मात सिंह बघितला नव्हता. कोणीतरी सांगितलं असेल, केस मोठे असतात आणि कायम रागावलेला असतो — याने आपला मालक काढून ठेवला. पण हा करकोचा बघा. पाय कसा उलटा मोडलाय! तळ्याकाठी तासन् तास बसल्याशिवाय हे येत नाही हातात. आणि चित्ता, गळ्यात पट्टा, डोळ्यांवर टोपी, सगळे हरणामागे धावताहेत आणि हा मागच्या पायाने कान खाजवतोय. शिकारीत खाजवणारा चित्ता! ऐकून सुचेल हे कोणाला? बघितलाय त्याने, खाजवताना.

हो हो, कुत्राही बघूनच केलाय, त्यात वाद नाही. काय लिहिलंय म्हणालात? वाचा की परत. मला सहीपुरतंच लिहिता येतं, पण ऐकायला दोन कान आहेत. 'राजाच्या शिकारीत त्या कारागिराने तीनशे वर्षांपूर्वी आपलाच लंगडा कुत्रा घुसवला. हे जनावर त्याने जिवंत पाहिलं होतं, आणि त्याच्यावर त्याची माया होती.' — हं. माया. बरं लिहिता. मान बघा ना, कशी तिरकी केलीय, रंधा चालायला लागला की अश्शी एका कानाने ऐकायची — म्हणजे, ऐकत असेल. रंधे तेव्हाही असतीलच की.

आणि तुमच्या पुस्तकाच्या वर, कव्हरावर, याचंच चित्र? चित्ता सोडून? खरं सांगताय? कधी जायचंय छापायला? ... सोमवारी. आज शुक्रवार. हं.

वाचतं कोण असली पुस्तकं? तुमचे गुरुजी वाचतील? आणि त्यांच्यासारखे दुसरे मोठमोठे — हां. त्यांना चूक सापडली तर? नाही, सहज विचारतो. नोकरीचं पण त्यावरच आहे का? या पुस्तकावर? ... असं. माझी चूक लाकडात असते बघा, एक हात रंधा मारला की गेली. छापलेल्याला रंधा लागत नाही. तरी बरं झालं असतं हो, कव्हरावर. फार बरं झालं असतं. घराघरांत गेली असती.

नको. पोरी, वही मीट. बस खाली. डावीकडे.

पेटारा आला तेव्हा प्राणी बाराच होते. इथं भोक होतं, तळहाताएवढं, काय निघून गेलं होतं कोण जाणे. मोठे साहेब म्हणाले, साधं लाकूड भर, स्वतःची कारागिरी पाजळू नकोस. भरलं. मग ते साहेब गेले, दुसरे आले, त्यांनी पेटाऱ्याचे नवे फोटो काढले आणि फोटोत मोजून कार्ड लिहिलं — तेरा. जुनं रजिस्टर तळघरात आहे, त्यात बारा लिहिलंय. जिना कोण उतरणार? तेरावा, कुत्रा, माझा आहे.

माझा म्हणजे मी केलेला, आणि माझाच. कुत्री होती. तिपाई. नाव आमच्या हिने ठेवलं, मला टोचायला. पाय माझ्यामुळे गेला ना तिचा! कामाच्या खोलीच्या दारात झोपलेली, एवढंसं पिल्लू, मी खोका उतरवताना खाली बघितलंच नाही. ही चार दिवस बोलली नाही माझ्याशी. पाचव्या दिवशी म्हणते, 'मोठे सुतार ना तुम्ही, बसवा आता चौथा पाय.' बसवतोय कसला. मग म्हणाली, राहू दे, सुताराच्या घरात तिपाईच शोभते. बारा वर्षं माझ्यामागून कामाला यायची, तीन पायांवर, माझ्यापुढे घरी पोचायची. मुलगा लांब राहतो, फोन करतो, 'बाबा कसे आहात?' विचारतो, मी 'बरा' म्हणेपर्यंत त्याला घाई झालेली असते. घरात आम्ही दोघं, आणि बोलायचं ते तिपाईशी. 'तिपाई, त्यांना सांग पान वाढलंय.' 'तिपाई, तिला सांग मीठ जास्त झालंय.' हसू नकोस, संसार चालतो असा. चांगला चालतो.

मग हिने अंथरूण धरलं. नजर आधीच गेली होती. आणि त्यातच एका दुपारी तिपाई भुशात निजली ती उठलीच नाही. मागच्या आवारात पुरली मी. घरी काय सांगणार? ही विचारायची, तिपाई कुठंय? म्हटलं, कामावर ठेवलीय, गोदामात उंदीर फार झालेत. दुसऱ्या दिवशी परत, तिपाई? — उंदीर. सतरा दिवस मेलेल्या कुत्रीकडून उंदीर मारवले मी. फोटो एकही नाही. ही कितीदा म्हणाली होती, काढून घ्या एक, आणि मी म्हणायचो, कुत्र्याचा कसला फोटो, लग्न जमवायचंय का तिचं? शेवटी खाटकाकडून नळीचं हाड आणलं, उकळलं, कापलं, कानस मारली, चहाच्या पाण्यात ठेवून पिवळं केलं. हाताला जेवढी आठवत होती तेवढी केली. आणि नेऊन हिच्या हातात दिली. कशाला दिली? वाटलं, बरं वाटेल. हिने बोट फिरवलं, नाकावरून, कानावरून, मग पायांवर आली — एक, दोन, तीन — आणि तिथंच थांबली.

'गेली होय?' म्हणाली.

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

'मग इतके दिवस उंदीर कोण मारत होतं?' — आणि हसली. माझ्याशी बोलली बघ हे, थेट, मधे तिपाई नसताना. महिनाभर उशाखाली होतं ते हाड. मग हीही गेली.

घरात ठेवून काय करायचं होतं मी? उद्या मी गेलो की मुलगा येणार, तीन दिवसांची रजा काढून, आणि सगळं गोण्यांत भरणार. त्याचं तरी काय चुकतं, हाडाचा तुकडा कोण सांभाळतो? इथं कसं आहे, इथं एकदा ठेवलेलं कोणी टाकत नाही. मोडका चमचासुद्धा काचेत ठेवतात आणि वर दिवा लावतात. निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात पेटाऱ्याची बिजागरी बदलायला काच काढली होती. मी भरलेल्या लाकडातच खाच पाडली — जुन्या लाकडाला पटाशी लावलेली नाही, शपथेवर सांगतो, हे लिही तू. बसवली. तेव्हापासून रोज येतो. बघायला म्हणून नाही. गुडघ्यांना चाल होते.

आता काढतील तिला. तू सांगशील, सांगायलाच हवं, आणि ते काढतील. पण उपटू नका म्हणावं. सरसाने चिकटवलीय, मुद्दामच, ऊन पाण्यातलं फडकं घटकाभर ठेवलं की आपणहून सुटेल. खालून उचला, पायांना धक्का नको. आधीच एक कमी आहे. — काढली तर कोणाकडे द्यायची? मला काय विचारतेस? मी कुठं ठेवू... बघू. ते मग बघू.

अगं, हे काय, सगळंच खोडतेस? थांब. 'तीनशे वर्षं' खोड. 'राजा' खोड. कव्हर बदल, चित्ता घाल, खाजवणारा. पण ते पुढचं राहू दे — जिवंत पाहिल्याचं, आणि ते दुसरं. ते चुकलेलं नाही. कुठल्यातरी पानात बारीक अक्षरात घाल, पण राहू दे.

झाली बघ घंटा. ऊठ. पहारेकरी पण उठला, म्हणजे खरंच वेळ झाली. जा आता. जा म्हणतो ना. माझ्याकडे काय बघत उभी राहिलीस? माझ्यावर कार्ड लावलंय का?