शेवटच्या माणसाच्या मागं

नाही म्हणजे नाही, आधी वाचू द्या — तुम्ही नागपुरावरून दीड तास गाडी चालवत सौसरला आले, मान्य आहे, पण तुमच्या कंपनीनं टाइप करून आणलेल्या कागदावर मी न वाचता सही ठोकीन, इतका येडा दिसून राहिलो का मी? अन् त्या स्टुलावर नका बसू, ग्रीस आहे. दुकानात दुसरी खुर्ची नाही. उभेच राहा, संदीपभाऊ, तुमच्या ग्रुपातल्या बाईचा पाय मोडून आठ दिवस झाले, तोवर कोणी आलं नाही, आता दहा मिनिटं उभं राहिल्यानं तुमचं काही बिघडत नाही.

हं. ‘सदर स्वार श्रीमती उषाताई या मार्गदर्शकास न सांगता गटाच्या पुढे निघून गेल्या.’ न सांगता — हा शब्द कोणी टाकला? तुम्ही का वकिलानं? तुम्ही होते तिथं? नव्हते ना. मग तुम्हाला कसं माहीत सांगितलं का नाही सांगितलं ते? आमचा धंदा तरी माहीत आहे का तुम्हाला, का नुसतं ऑफिसात बसून लाओस-व्हिएतनामचे फोटोच टाकता? — ‘दोन देश, एक सायकल, हिरव्या डोंगरांतून सातशे किलोमीटर’ — छान लिहिता बाप्पा, मीही भुललो. पण त्या डोंगरांत नेण्याआधी लोकांना चढ-उताराची सवय पाहिजे, म्हणून तुम्ही त्यांना आमच्याकडे आणता, सरावाला. नागपुरावरून निघा, महाराष्ट्र सोडा, मध्यप्रदेशात शिरा — झाली बॉर्डर, पेट्रोलचा भाव बदलतो तेवढीच — अन् सातपुडा चढून छिंदवाड्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सिलेवानी घाट उतरून रामाकोन्याला चहा. बावीस जण. समोर राजू, तो रस्ता दाखवते. मागं मी. माझं काम एकच, अन् ते शाळेतलं पोरगंही करू शकते — शेवटच्या माणसाच्या मागं राहायचं. तो थांबला की थांबायचं, तो रडला की थांबायचं, तो झाडाखाली झोपला तर आपणही झोपायचं. माझ्या मागं कोणी नाही पाहिजे, अन् माझ्या समोर कोण आहे हे मला माहीत पाहिजे. बस.

मग काऊन नाही केलं म्हणता? सांगतो ना. तुम्ही लिहून आणलं त्यात एक गोष्ट नाहीच आहे — सत्कार. काय करता, हसता काऊन? इकडं सत्कार म्हणजे हसण्याची गोष्ट नाही. माणूस मंत्री असो का पंक्चरवाला, गावात आला अन् त्याला शाल-श्रीफळ नाही दिलं तर गावाचं नाक जाते. घाटाच्या वर जे गाव आहे तिथं माझे बाबा बारा वर्षं हेडमास्तर होते. पुंडलिकराव गुरुजी. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण माइकची सवय सुटली नाही. त्यांनी ऐकलं की पोराचा ग्रुप त्या गावावरून जाते — झालं. मला न विचारता सरपंचाला फोन, शाळेत मंडप, बावीस शाली, बावीस नारळ, गेंद्याच्या फुलांचे हार, संत्र्याची दोन क्रेट. सकाळी आठ वाजता आम्ही घाट उतरायला पाहिजे होता, ट्रक सुरू व्हायच्या आधी. आठ वाजता आम्ही सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो. ती चिकटलेली अर्धी पँट घातलेले मोठमोठे डॉक्टर, बँक मॅनेजर, अंगावर शाल, हेल्मेटवरूनच हार — अन् समोर एकेक जण उठून बोलून राहिला. सरपंच बोलले. माजी सरपंच बोलले, कारण आजी सरपंच बोलले होते. मग दूध सोसायटीवाले. ‘वेळेअभावी दोनच शब्द’ म्हणून पंचवीस मिनिटं. ही म्हातारी माणसं, संदीपभाऊ — आपल्याजवळ वेळच वेळ आहे म्हणून जगाजवळही असंल, असं समजून राहतात.

थांबवायचं होतं? मी? हो, मीच थांबवायचं होतं. ‘बाबा, बस करा, उतार आहे समोर’ — एवढंच. तुम्ही बोलले असते तुमच्या बाबांना, गावासमोर, माइकवर? खरं सांगा. नाही ना. मग चूप राहा.

उषाताई पंचावन्नच्या. नवरा वारला तेव्हापासून सायकल चालवून राहिल्या, उतारावर सगळ्यांत हळू — दोन्ही ब्रेक दाबून, दात आवळून. त्या लाओसला येणार होत्या. शनिवारी चढावर मला म्हणाल्या, ‘केतन, माझ्यामुळं तुलाही सगळ्यात मागं राहावं लागते रे.’ मी म्हटलं, ताई, माझी नोकरीच ती आहे. हसल्या. बायकांचा सत्कार आधी झाला, तर त्यांचं शाल-नारळ घेऊन झालं होतं. नारळ ठेवायला जागा नाही, त्यांनी तो हळूच मंडपाच्या खांबाजवळ ठेवला. बाबांनी पाहिलं. बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही, परीक्षेत कॉपी असो का नारळ. ‘ताई, श्रीफळ असं मागं टाकून जाऊ नये’ — अन् स्वतःच्या हातानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलला अडकवून दिला. उतारावर हँडलला काही टांगायचं नाही — पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना शिकवलं होतं. पिशवी हालते, चाकात जाते. बाबांनी अडकवला, मी पाहिलं.

हो, पाहिलं. लिहून घेता? घ्या लिहून.

कुठून पाहिलं? स्टेजवरून. नाही... मी जाऊन नव्हतो चढलो, मला बोलावलं. मार्गदर्शकाचाही सत्कार असते. बाबांच्या हातात माइक होता. तुम्हाला काय माहीत — तीन वर्षं झाली मी इंजिनिअरिंग सोडून. तिसऱ्या वर्षाला सोडलं, नाही जमलं, नव्हतं करायचं, जे समजायचं ते समजा. तीन वर्षं बाबा लोकांना सांगून राहिले की पोरगा नागपूरला ‘शेवटच्या वर्षाला’ आहे. सौसरातल्या सौसरात! या दुकानासमोरून ते शाळेत जाणाऱ्या मास्तरांबरोबर चालत जात, तर मान वळवत नसत. आई डबा पाठवायची, तोही दुसऱ्याच्या हातानं. अन् त्या दिवशी त्या माणसानं माझ्या खांद्यावर शाल टाकली अन् माइकवर म्हटलं — ‘हा माझा मुलगा. जानेवारीत लाओसला, व्हिएतनामला जाणार आहे. माझ्या घराण्यात पासपोर्ट काढणारा हा पहिला.’ टाळ्या वाजल्या. त्यांचा हात माझ्या मानेवर होता. जड हात आहे त्यांचा.

तेव्हाच उषाताईनं खालून हात वर केला. सायकल घेऊन उभ्या होत्या. ‘केतन, मी हळूहळू पुढं होते रे, मला उताराला वेळ लागते.’ विचारून राहिल्या होत्या. अन् मी मान हलवली. काय करायचं होतं ते मला पाठ आहे — उतरायचं, राजूला सांगायचं, कोणी एक जण ताईबरोबर पाठवायचा. एक मिनिटाचं काम. मी मान हलवली अन् पुन्हा फोटोवाल्याकडं पाहिलं.

झालं तेवढंच. मग आम्ही निघालो, मी सगळ्यांच्या मागं, एकदम नियमानं — पण माझ्या समोर एक बाई आहे हे मी विसरलोच. विसरलोच ना! तिसऱ्या वळणावर त्या नाल्यात पडल्या होत्या, रस्त्याच्या खाली, पिशवी चाकात. वीस सायकली वरच्या रस्त्यानं निघून गेल्या. माझी एकविसावी. मी शीळ घालून राहिलो होतो. त्यांनी आवाज दिला म्हणतात — दोनदा. घाटात मोबाइल लागत नाही. रामाकोन्याला चहाचे ग्लास मोजले तेव्हा एक उरला. सव्वा तास पडून होत्या त्या. मांडीचं हाड. आता आई म्हणे, जामसांवलीला जाऊन ये, मारुतीला नारळ फोड. म्हटलं, आई, पुन्हा नारळाचं नाव घेऊ नको माझ्यासमोर.

तर आता समजलं? न सांगता नाही गेल्या. तुमचा हा शब्द खोटा आहे. सही केली तर काय, जानेवारीचं तिकीट पक्कं? अन् नाही केली तर ‘पाहू’. तुमचा ‘पाहू’ मला समजते. आठ दिवस मी विचार करून राहिलो, खोटं नाही बोलत — वाटलं, करून टाकावं. ताई थोडीच येणार आहेत वाचायला.

हे मागं दुसरं पान काय आहे?

थांबा. ओढू नका. दाखवा.

हे अक्षर... हे काय आहे, भाऊ? हे बाबांचं अक्षर आहे. तुम्ही आधी घरी गेले? केव्हा? — ‘मी, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, स्वखुशीने लिहून देतो की सत्काराचा कार्यक्रम दहा मिनिटांत आटोपला. माझा मुलगा केतन हा पूर्ण वेळ शेवटच्या स्वाराच्या मागे हजर होता.’ दहा मिनिटं. नारळाचं एक अक्षर नाही. सातवीत मी प्रगतिपुस्तकावर त्यांची खोटी सही केली होती, एक विषय गेला होता म्हणून. या माणसानं मला प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर उभं केलं होतं. अन् हे पाहा — वेलांटीसुद्धा चुकली नाही. फळ्यावर लिहावं तसं लिहिलं आहे. माझ्यासाठी लिहिलं का स्वतःसाठी? काय म्हणाले ते? हात जोडले? कोणी, बाबांनी? तुम्हाला?

पेन द्या. नाही, तुमच्या टाइप केलेल्यावर नाही, याच्यावरच. त्यांच्या सहीच्या खाली जागा आहे. ‘उषाताईंनी मला विचारलं होतं. मी मान हलवली. मी स्टेजवर होतो. कार्यक्रम दोन तास चालला. नारळ बाबांनी अडकवला, मी पाहिलं आणि बोललो नाही. — केतन पुंडलिकराव.’ तारीख टाकतो. हे घ्या. लाओसला दुसरा कोणी पाहा, राजूचा चुलतभाऊ चांगला चालवते.

काय? वरचं खोडून टाकू? काऊन खोडायचं — राहू द्या दोन्ही, त्यांचंही अन् माझंही. अन् जाताना आमच्या घरावरून नका जाऊ. बाबा अंगणातच असतील, चहाला बसवतील, अन् तुम्ही बोलून बसाल. ते मी सांगीन. आजच, जेवायच्या आधी, तोंडावर, माइक नसताना. तुम्ही नाही सांगायचं.

पाहता काय? सायकल दुरुस्तीला आणली का तुम्ही? नाही ना. मग निघा.