सुया, लाथ आणि माझी पाठ

नाही, तुम्हीच सांगा, झोप कशी लागेल? ऑपरेशनची भीती नव्हती हो... म्हणजे होती, भरपूर होती, पण डोळ्याला डोळा लागू देत नव्हता तो विचार वेगळाच! माझी गंधाली हात वर करून म्हणते, "आई, उचल ना," आणि मी म्हणते, "पप्पांना सांग, राणी." एक दिवस ही मला सांगायचंच सोडून देईल! आणि सर्जन काय म्हणतात? "मणक्यातली गादी सरकलीय, करून टाकू ऑपरेशन." करून टाकू! नळाचं वायसर आहे का? पाठ कोणाची? माझी!

मग मी मालाडच्या शुभाताई शोधल्या, अॅक्युपंक्चरवाल्या डॉक्टर. सर्जनना घाबरत विचारलं, तर म्हणाले, "बघा करून. पायातली ताकद कमी वाटली तर मात्र तडक इथे." नवरा, सौरभ, खो खो हसला. "यार, गंधालीच्या लसीला ती नाही, तू रडली होतीस!" आणि सासूबाई? अस्सल मालवणच्या! "अगो, घरात पायाळू चेडू असताना सुयो कित्याक टोचून घेतंस?"

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं. त्याने लाथ मारली की पाठीतली उसण पळते म्हणे! म्हटलं, "आई, गंधाली सिझेरियनची आहे!" "पण पोटात पाय खाली होते मा?"

तर तुम्हाला सांगते, मालाडला मी पालथी, पाठीचं साळिंदर झालेलं, नाक खाजतंय, हलायची सोय नाही... आणि डोक्यात काय? कुकरची शिट्टी काढून ठेवली, ती परत लावली का! घरी आले की सासूबाईंची चटई तयार. पुन्हा पालथी! मी, एम.एस्सी. झालेली बाई! पण पडायचे हो... न जाणो! गंधाली गंभीर चेहऱ्याने इवलासा अंगठा टेकवायची आणि म्हणायची, "झालं, उठा." पण पाठ कोणाची? माझी!

आणि हळूहळू, काय सांगू, मोजे घालता यायला लागले, भांडं पडलं तर वाकून उचलता यायला लागलं! परवा सर्जननी तपासलं. "ऑपरेशन नको आता. पोरीला उचला, पण गुडघ्यात वाकून." अहो, रिक्षातून जोगेश्वरीला येईपर्यंत मी रिक्षावाल्यालाही सांगितलं! बिल्डिंगच्या गेटात गंधाली दिसली, गुडघ्यात वाकले, आणि उचलली की हो! अशी वर! वॉचमनने टाळ्या वाजवल्या, माझ्या डोळ्यांत पाणी, म्हटलं, "बघितलंस राणी? सुयांनी आईची पाठ झकास झाली!"

तिने माझ्या पाठीवर डॉक्टरसारखं थोपटलं.

"सुयांनी नाही गं, मी केली. आता खाली ठेव ना, शेजारच्या श्रुतिकाची आजी कधीची पालथी पडून राहिलीय."