शकीला का ओरडली नाही

एवढ्याशा पोरांना धीर कोण शिकवणार, असं तुमच्यासारखं मलाही वाटायचं. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी मी कोल्हारला बालवाडी चालवत होते. पोरं चार-पाच वर्षांची, सगळी एकदमच बोलायची. म्हणून मी रोज शांततेचा खेळ घ्यायचे. सगळ्यांनी मांडी घालून बसायचं, मी डोळे मिटायचे आणि ते उघडेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही.

एकदा डोळे मिटते न मिटते तोच कुणीतरी उठल्याची चाहूल लागली. पाठोपाठ भांडं आपटलं आणि माझं लुगडं भिजलं. रागानं बघते तर शिंप्यांची शकीला माझ्या पायाशी पाण्याचा पेला पालथा घालून, त्यावर दोन्ही हात दाबून बसलेली.

"शकीला! खेळ मोडलास ना?"

"बाई, याच्याखाली इच्चू हाय. तुमच्या पायाकडं चालला हुता."

"अगं बाई! मग ओरडायचं नाही का?"

"वरडले असते तर तुमी उडी मारली असती, अन् नेमका त्याच्यावरच पाय दिला असता."

पोरीचं काही चुकलं नव्हतं. तिचं हे उत्तर मी खिडकीत चढून ऐकत होते.