पिंपावरची जाळी

—नाही पोमाई, सही नंतर. आधी कॉफी घे. घाबरू नकोस, पाणी आज खालून आणलंय. तर काय सांगत होतो — मलेरिया. माणसांचा नाही गं, पाखरांचा. तू वनखात्यात नवी आहेस, सगळे तुला सांगतील, नाहोआकाकाला विचार, पंचवीस वर्षं डासांच्या मागे हिंडतोय. खरं आहे. इतकी वर्षं, की डासांनी आता ओळख दाखवावी. आपली हवाईची पाखरं भोळी — डास काय असतो ते त्यांच्या वाडवडिलांनी पाहिलंच नव्हतं, तो जहाजातून उतरला. त्यातल्या इइवी पाखराला तर एक चावा पुरतो. म्हणून बिचारी इथे वर, थंडीत येऊन राहिलीत. इथे डास नव्हता. नव्हता म्हणजे — दोन वर्षांपूर्वीपर्यंत नव्हता.

मग सापडला. मी काय केलं? शोध घेतला? छे. उत्तर पाठच होतं — डुकरं. रानडुकरं झाडाएवढ्या नेच्यांची खोडं पोखरतात, खळग्यात पाणी साचतं, पाण्यात डास. शाळेतल्या पोरांना मीच शिकवलंय. आणि डुकरांमागे इथे कोण येतं? माझा चुलतभाऊ कावीका. बापाची, आजाची शिकारीची वाट त्याची. शिकार मिळत राहावी म्हणून तोच रानात डुकरं शिल्लक ठेवतो, असं मी अहवालात लिहिलं — कुंपण घाला, वाट बंद करा. नकाशाही जोडला, रंगीत. तेव्हापासून तो बोलत नाही. भाचीच्या लग्नात तो एका टोकाला, मी दुसऱ्या — जमिनीत पुरून भाजलेलं डुक्कर मात्र त्यानेच आणलेलं, आणि मी दोनदा वाढून घेतलं.

परवा तो इथे आला. सरळ झोपडीमागे गेला, पावसाच्या पाण्याच्या पिंपात पेला बुडवला, माझ्यासमोर धरला. म्हणाला, "दादा, ही बघ तुझी डुकरं." अळ्या. वळवळत होत्या. पिंपावरची जाळी? ती मीच काढलेली — शेवाळानं बुजायची, पिंप भरायचं नाही, आणि मला उठल्याउठल्या कॉफी लागते. एवढा मोठा मलेरियाचा अभ्यासक.

हस, हस, माझी हरकत नाही. पण दारासमोरच्या त्या फुलांवर एक इइवी यायचा, लालभडक, वाकड्या चोचीचा. पायात मीच घातलेलं कडं — सहा वर्षांची ओळख आमची. गेल्या महिन्यात पायरीशी मेलेला सापडला. रक्त काचेवर घेतलं, मलेरियाच. आणि मी वहीत काय लिहिलं? 'कारण: डुकरं.' पिंप पायरीपासून आठ पावलांवर आहे. काल मोजली. मोजली आणि तिथेच उभा राहून रडलो, या वयात.

आण तो कागद. वाट कायमची बंद करायचा ना? नाही करत सही. त्याऐवजी ही बाटली ने, अळ्या आहेत, झाकण घट्ट लाव. साहेबांच्या टेबलावर ठेव, म्हणावं, नाहोआचा नवा अहवाल. उतरताना कावीकाचं घर लागतं, आधी त्याला सांग. मी का नाही येत? अगं, तो दार उघडेल आणि नुसतं "ये, बस" म्हणेल, आणि ते मला झेपायचं नाही. जा तू. कॉफी राहू दे — जा म्हणतो ना.